डीएनए टेस्टमध्ये दत्तक गेलेल्या मावशीचा मुलगा सापडलाय, मेसेज करू की नको?

उसवलेला_धागा
नमस्कार मंडळी, लांबलचक आहे, आधीच सॉरी. आई आता ७९ वर्षांची. तिची धाकटी बहीण तीन वर्षांची असताना दत्तक दिली, कोर्ट नाही संस्था नाही, दोन घरच्या मोठ्यांनी बसून ठरवलं, ते जोडपं नंतर दुसरीकडे राहायला गेलं आणि पत्रंही बंद झाली. आई तेव्हा सहाची. तिला सांगितलं होतं की दोन दिवस राहायला गेलीय, येईल. आमच्या घरात हा विषय कोणी काढत नाही, आजी गेली तेव्हासुद्धा नाही काढला. हातात फक्त दत्तक घेणाऱ्यांचं आडनाव, बास.
मी मागच्या वर्षी डीएनए टेस्ट केली, खरं तर नवऱ्याच्या हट्टापायी. त्यात आईच्या बाजूचा एक मॅच आला, म्हणजे डीएनए जुळणारा माणूस, ८७० सेंटीमॉर्गन (किती डीएनए जुळतो त्याचं माप). नावाच्या जागी नुसती आद्याक्षरं, पण त्याने फॅमिली ट्री जोडलाय. उघडला तर त्याच्या आईच्या वडिलांचं आडनाव तेच! आईच्या चौकटीत मात्र नाव नाही, फक्त 'खाजगी'. जिवंत माणसांची नावं साइट झाकून ठेवते, म्हणजे मावशी बहुतेक आहे अजून. त्या एका शब्दाकडे मी बराच वेळ बघत बसले होते.
आता घोळ असा की ट्रीमध्ये दत्तक आईबाप सख्खे म्हणूनच लावलेत, कुठे शेरा नाही काही नाही. त्याला माहीतच नसेल. कदाचित तिलाही नसेल. मेसेजची खिडकी चार वेळा उघडून बंद केलीय. काय करू?

खटपट्या
करा की. एक ७९ आणि एक ७६, कसली वाट बघताय? एक तांत्रिक गोष्ट तेवढी बघून घ्या. सख्ख्या मावसभावंडांत साधारण साडेबारा टक्के जुळतं, म्हणजे सरासरी ८६०च्या आसपास, तुमचा आकडा चपखल बसतोय. पण सावत्र मामा किंवा सावत्र मावशी असली तरी तेवढंच येतं. आईची टेस्ट करून फरक कळेल असं वाटतं पण तसं नाही, भाचा असो की सावत्र भाऊ, आईशी साडेसतराशेच्या जवळपासच येणार. तिथे वय बघायचं. इथे आडनाव जुळतंय तर मला शंका वाटत नाही, तरी आईची टेस्ट करून ठेवा, या वयात ते काम पुढे ढकलू नये.

असहमत_कायम
नका करू. तुमच्या आईचं दुःख खरं आहे, पण ते तिचं आहे, समोरच्या घरावर त्याची वसुली कशी लावता येईल? दत्तक गेलेल्या माणसाने आपली मुळं शोधणं वेगळं आणि ज्या घराने पोर दिलं त्या घराने तिला शोधत जाणं वेगळं. भारताच्या २०२२च्या दत्तक नियमांत मुळं शोधायची सोय दत्तक गेलेल्यासाठी आहे, तिसऱ्याने त्याच्या वतीने शोध घ्यायला परवानगी नाही. तुमचं प्रकरण संस्थेतून झालेलं नाही त्यामुळे नियम लागू नाही, मान्य. पण तो का केला असेल याचा तरी विचार करा. आणि हो, त्या पोराने टेस्टसाठी थुंकी पाठवली ती तुमच्यासाठी नव्हे.

खटपट्या
साहेब, त्याने 'नातेवाईक दाखवा' हा पर्याय चालू ठेवलाय. कोणी जबरदस्ती केली होती का?

असहमत_कायम
अर्ध्या लोकांना आपण कुठल्या प्रदेशाचे किती टक्के एवढंच बघायचं असतं. संमती कशाला दिली हे त्यांना नंतर कळतं. २०२३मध्ये २३अँडमी या डीएनए टेस्ट करणाऱ्या कंपनीच्या जवळपास १४,००० खात्यांत चोर घुसले आणि याच नातेवाईक दाखवायच्या सोयीमुळे सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. ती माणसं 'मी तर पर्याय चालू ठेवला होता' म्हणून खूश झाली असतील असं मला वाटत नाही.

चष्मेवाली
दत्तक म्हणजे गुप्त हे काही निसर्गनियम नाहीत हो. इंग्लंड-वेल्समध्ये दत्तकाचा कायदाच मुळी १९२६चा, अंमल १९२७पासून. त्याआधी असंच तोंडी चालायचं, जुन्या जनगणनेत नात्याच्या रकान्यात सरळ 'दत्तक' लिहिलेलं सापडतं. कायदा आल्यावर मूळ जन्मनोंदीच्या समासात 'दत्तक' एवढा शेरा मारायचे आणि नवं नाव वेगळ्या नोंदवहीत, दोन्हींना जोडणारा दुवा लोकांसाठी बंद. १९७५च्या कायद्याने अठरा पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तींना आपला मूळ जन्मदाखला मिळवायचा हक्क दिला. आणि असहमत, तुमच्यासाठी मुद्दाम सांगते, २००५च्या अखेरीपासून तिथे जन्माच्या नातेवाइकांनाही मध्यस्थ संस्थेकडे जाता येतं. म्हणजे बहिणीचाही काही हक्क आहे हे त्यांनी मानलं.

असहमत_कायम
आणि तो मध्यस्थ काय करतो तेही सांगा की. तो शोधतो, पण ज्याला शोधलं त्याची संमती नसेल तर नाव-पत्ता देत नाही. दत्तक गेलेला माणूस आधीच नकार नोंदवून ठेवू शकतो. तिथल्या संपर्क नोंदवहीचेही दोन भाग आहेत, नातेवाइकांनी नाव घातलं तरी समोरच्याने स्वतः घातल्याशिवाय गाठ पडत नाही. तुम्ही माझीच बाजू मांडलीत, आभार!

चष्मेवाली
विचारायलाच जायचं नाही हे कुठे लिहिलंय त्यात? विचारून नकार घेता येतो.

रिकामटेकडा
जुनी मढी उकरू नयेत असं आमचे आजोबा म्हणायचे. ते स्वतः दिवसभर तेच करायचे ती गोष्ट वेगळी.

दत्तकलेक
मी सहसा लिहीत नाही इथे. मला ४१व्या वर्षी कळलं, एका अनोळखी बाईच्या मेसेजने, ऑफिसमध्ये, डबा उघडलेला असताना. 'मी तुझी सख्खी मोठी बहीण.' खाली तीन फोटो. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, बाबा त्याआधीच, त्यामुळे विचारणार कोणाला? कित्येक महिने मी मेलेल्या आईशी भांडत होते, मनातल्या मनात, भाजी चिरताना वगैरे. शाळेतल्या फॉर्मवर ती माझं जन्मस्थळ लिहिताना दरवेळी थोडी थांबायची, ते तेव्हा आठवायला लागलं.

खटपट्या
म्हणजे कळायलाच नको होतं असं म्हणणं आहे का?

दत्तकलेक
नाही. तिच्याकडून, तसं, फोटोंसकट कळायला नको होतं. ती आता मला आवडते, रविवारी फोन असतो आमचा. पण पहिलं वर्ष मी तिला ब्लॉक केलं होतं. धागाताई, तुमच्या बाबतीत एक भर आहे, खातं मावशीचं नाही, मुलाचं आहे. तुम्ही त्याला सांगितलंत तर तिचं गुपित तिच्या आधी तिच्या मुलाला कळणार, आणि ते त्याने तिला सांगायचं की लपवायचं हे ओझं त्याच्या डोक्यावर.

खटपट्या
हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, कबूल. पण मग पहिला मेसेज साधा ठेवायचा. 'आपला मॅच दिसतोय, मी आईच्या बाजूची माहिती जुळवतेय, बोलायला आवडेल का.' दत्तक हा शब्दच नको. त्याला किती माहीत आहे ते त्याच्या उत्तरावरून कळेल, नाहीतर तिथेच थांबायचं.

असहमत_कायम
म्हणजे स्वतःला सगळं माहीत असताना 'माहिती जुळवतेय' म्हणायचं. उद्या त्याला कळलं की ही बाई पहिल्या दिवसापासून जाणून होती, तर?

चष्मेवाली
तर 'तुम्ही ठरवायच्या आधी मला बोलायचं नव्हतं' असं सांगायचं. अर्धंच सांगितलं म्हणून ते खोटं होत नाही.

दत्तकलेक
मला तसा मेसेज आला असता तर मी उत्तर दिलं असतं. विश्वास ठेवला असता का, माहीत नाही.

उसवलेला_धागा
सगळ्यांचं वाचलं, दोनदा. काल शेवटी आईशी बोलले, आधी तिलाच विचारायला हवं होतं. ती बराच वेळ गप्प होती, मग जे सांगितलं ते मला ४८ वर्षांत पहिल्यांदा कळलं. बहीण गेली त्याच्या आठवडाभर आधी आईने तिला खेळता खेळता पायरीवरून ढकललं होतं. डाव्या भुवईवर खोक पडली. मग ती दिसेनाशी झाली. आईला आजवर वाटत आलंय की आपण ढकललं म्हणून तिला देऊन टाकलं. टेस्टला हो म्हणाली. मेसेजचं विचारलं तर म्हणाली, भेटू नको बोलू नको, फक्त विचार भुवईवरची खूण अजून दिसते का.

असहमत_कायम
माझं मत तेच आहे. पण पाठवणारच असाल तर खुणेचं त्यात घालू नका. तो आईच्या चेहऱ्याकडे बघायला उठेल.