रेंज नसली तरी नोंद अडत नाही
काही जण म्हणतात की कोकणात रेंजचा भरवसा नाही, त्यामुळे क्लिनिकल ट्रायलच्या, म्हणजे पेशंटवर उपचार तपासून बघणाऱ्या चाचणीच्या, नोंदी कागदावरच बऱ्या. मला हे पटत नाही. विंचूदंशावर नुसतं प्राझोसिन हे औषध द्यावं की सोबत विष उतरवणारं प्रतिविषही, ही डॉ. हिंमतराव बावस्करांची महाडची चाचणी २०११ साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली. इथल्या पेशंटची माहिती जगाच्या कामी येते, मग ती जपायलाही तशीच हवी.

ओडीके कलेक्ट हे मुक्तस्रोत (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं) अॅप भरलेला फॉर्म फोनमध्येच ठेवतं आणि रेंज आली की सर्व्हरला पाठवतं. दंशाची वेळ दाखल झाल्याच्या वेळेनंतरची घेऊ नये, अशी अट फॉर्ममध्येच घालता येते. पेशंट समोर असतानाच चूक सापडते, हे केवढं मोठं काम! वरचा बीपी खालच्यापेक्षा कमी पडलाय, असलं काही रोज रात्री 'आर' या आकडेमोडीच्या संगणकभाषेतली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, शोधून काढते. मात्र स्क्रिप्टने आकडा परस्पर बदलता कामा नये. तिने फक्त शंका काढावी. चाचणीच्या कोऑर्डिनेटरने मूळ केसपेपर बघूनच दुरुस्ती करावी. कोणी, कधी, का बदललं ते जुन्या आकड्यासकट राहावं. यात तडजोड नको.

आणि हो, अशाच नोंदींसाठीचं रेडकॅप हे दुसरं सॉफ्टवेअर बिगरनफा संस्थांना फुकट मिळतं, पण ते मुक्तस्रोत नाही.