वाणिज्य शाखेतून बारावी, पुढे वकिली: छत्रपती संभाजीनगर, परभणी की पुणे? मार्गदर्शन हवे आहे

सर्वांना नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातील सेलू येथे राहते आणि एका नागरी सहकारी पतसंस्थेच्या वसुली विभागात काम करते. माझी मोठी मुलगी यंदा वाणिज्य शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची राज्य सीईटीही तिने दिली असून गुण बरे पडले आहेत. आता प्रवेश प्रक्रियेत महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा आहे आणि त्यावर आमच्या घरात काही केल्या एकमत होत नाही. माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे वकील कोणीच नाही. त्यामुळे विचारायचे कोणाला, हाही प्रश्नच आहे. म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

मुलीचे म्हणणे स्पष्ट आहे. तिला वकिली करायची आहे, ती मराठवाड्यातच करायची आहे आणि पुढे जमल्यास दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठीची लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यायची आहे. ही ओढ तिला माझ्या कार्यालयातूनच लागली असावी. महाविद्यालय सुटल्यावर ती पुष्कळदा माझ्या टेबलाशी येऊन बसत असे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खालील वसुली दाखल्यांची, म्हणजे थकीत कर्ज वसूल करण्याच्या अधिकृत आदेशांची, प्रकरणे माझ्याकडे असतात. एकदा एक वयस्कर जामीनदार आलेली नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून घेऊन आले. कर्ज भावकीतल्या एकाने घेतलेले, यांची फक्त सही, आणि कर्जदार गाव सोडून गेलेला. मी त्यांना नियम सांगत होते, तेवढ्यात मुलीने माझी परवानगी घेऊन कर्जखात्याचा उतारा पुढे ओढला आणि मुद्दल किती, व्याज किती, दंडव्याज कोणत्या तारखेपासून लागले, हे एकेका ओळीवर बोट ठेवून त्यांना समजावून सांगितले. "पोरी, एवढं आजवर कुणी वाचून दाखवलं नव्हतं," असे ते म्हणाले. रक्कम काही कमी झाली नाही, पण आपल्यावर नेमके काय आले आहे, हे त्यांना कळले. हिशेब वाचता येणारे वकील आमच्या भागात हवे आहेत, हे माझे मत तेव्हापासून पक्के झाले आहे आणि म्हणूनच तिच्या वाणिज्य शाखेच्या अभ्यासावर पाणी पडू नये, असेही मला वाटते.

आमच्यासमोर जे पर्याय आहेत, त्यांपैकी मला सर्वांत जवळचा वाटतो तो छत्रपती संभाजीनगरच्या माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालयातील पाच वर्षांचा अभ्यासक्रम. सेलू मनमाड-नांदेड लोहमार्गावर असल्याने परतूर, जालना करीत थेट गाडीने जाता येते. सुट्टीत मुलगी घरी येऊ शकते आणि अडीअडचणीला मीही त्याच दिवशी तिच्यापर्यंत पोहोचू शकते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ त्या शहरात २७ ऑगस्ट १९८१ पासून आहे आणि मराठवाड्याबरोबरच अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांची प्रकरणेही तेथे चालतात. शिकत असतानाच ज्येष्ठ वकिलांचे युक्तिवाद प्रत्यक्ष ऐकण्याची सोय ज्या गावात आहे, तेथेच कायदा शिकावा, असा माझा विचार आहे.

तिच्या मामांचा आग्रह मात्र पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाचा आहे. ते १९२४ पासूनचे महाविद्यालय आहे, त्याचे नाव मोठे आहे, ग्रंथालय उत्तम आहे, आणि मुलीला तेथे मिळणारी संगत इकडे मिळणार नाही, असे ते सांगतात. त्यांचे म्हणणे मी खोडून काढू शकत नाही. परंतु पुण्यातील खोलीचे भाडे आणि मेसचा खर्च पाच वर्षे पेलणे, तेही घरची शेती कोरडवाहू असताना, आम्हाला जड जाईल.

मुलीच्या वडिलांना वाटते की तिने आधी परभणीत बी.कॉम. करावे, सोबत सीए फाउंडेशनचा (सीएच्या पहिल्या परीक्षेचा) प्रयत्न करावा आणि पदवीनंतर तेथीलच श्री शिवाजी विधी महाविद्यालयात तीन वर्षांचे एलएल.बी. करावे. परभणी जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो, त्यामुळे सर्व शिक्षण एकाच विद्यापीठात होईल आणि वकिली नको वाटली तर हातात वाणिज्य पदवी राहील. या मार्गाला पाचऐवजी सहा वर्षे लागतात.

राष्ट्रीय विधी विद्यापीठाचाही विचार झाला. संभाजीनगर येथेच ते २०१७ मध्ये सुरू झाले आहे, परंतु तेथील प्रवेश राज्य सीईटीतून नव्हे, तर क्लॅट या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो. मुलीने ती परीक्षा दिलेली नाही. क्लॅट संपूर्ण इंग्रजीत असते, मोठमोठे उतारे वाचून उत्तरे द्यायची असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. राज्य सीईटी मराठीतूनही देता येते आणि तीत गुण कापले जात नाहीत. एक वर्ष थांबून क्लॅटची तयारी करावी का, असे मुलगी मधूनच विचारते. शुल्काचा आकडा पाहून मी गप्प बसते.

आता माझ्या मनातील मुख्य अडचण सांगते. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कनिष्ठ स्तर न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसण्यासाठी किमान तीन वर्षांची वकिली आवश्यक राहील. म्हणजे पदवी हाती आल्यावरही तीन वर्षे कनिष्ठ वकील म्हणून काढावी लागणार आणि त्या काळात मिळकत फारशी नसते, असे सगळेच सांगतात. पाच आणि तीन मिळून आठ वर्षे, किंवा सहा आणि तीन मिळून नऊ. तिच्या पाठीवर धाकटा भाऊ आहे. घराची ओढाताण झाली तरी चालेल, पण तिला मध्येच सोडून द्यावे लागू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

आम्ही इतर मागास प्रवर्गातील असून कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो आणि खासगी अभिमत विद्यापीठांना हा निर्णय लागू नाही. विधी महाविद्यालयांत प्रवेशाच्या वेळी ही सवलत लगेच मिळते की आधी पैसे भरून नंतर महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरून परत मिळण्याची वाट पाहावी लागते, हे कोणी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकेल का? तसेच मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना पहिल्या दोन वर्षांत इंग्रजीमुळे कितपत अडते, आणि मराठवाड्यात वकिली करायचीच असेल तर पुण्याच्या पदवीने पुढे खरोखर फरक पडतो का, याविषयी या क्षेत्रातील मंडळींनी मनापासून लिहावे, ही विनंती.

पहिला प्रतिसाद

ताई, नमस्कार. मी संभाजीनगर खंडपीठात वकिली करतो आणि माझे शिक्षणही मराठवाड्यातच झाले आहे, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले वाटू शकेल.

सर्वप्रथम वडिलांच्या पर्यायाबद्दल. बी.कॉम. करून मग एलएल.बी. करण्यात काहीही वावगे नाही. कर आणि सहकार या शाखांत काम करणारे अनेक चांगले वकील त्याच वाटेने आले आहेत. परंतु सीए आणि विधी एकत्र साधता येईल, असा हिशेब करू नये. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे विधी अभ्यासक्रमाला सत्तर टक्के उपस्थिती लागते आणि त्याच वेळी दुसरा नियमित अभ्यासक्रम करता येत नाही. सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालील उमेदवारी, दिवसभराची असते. पदवीच्या काळात फाउंडेशन आणि इंटर होऊ शकेल, पण पुढे एक वाट निवडावीच लागते. मुलीचे मन आत्ताच वकिलीवर ठाम असेल, तर पाच वर्षांचाच अभ्यासक्रम घ्यावा. वाणिज्याचा पाया वाया जात नाही. तुम्ही कलम १०१ चा उल्लेख केला आहे. त्या दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण (फेरतपासणी) अर्ज करायचा तर वसुलीच्या रकमेपैकी निम्मी रक्कम आधी भरावी लागते, आणि तेथेही दाद मिळाली नाही तर प्रकरण रिट याचिकेच्या रूपाने खंडपीठात येते. अशा प्रकरणात खात्याचा उतारा वाचून व्याजाची चूक स्वतः शोधणारा कनिष्ठ वकील आम्हाला क्वचितच मिळतो.

तीन वर्षांच्या अटीने घाबरून जाऊ नये. ही मुदत सनदेच्या (वकिलीच्या परवान्याच्या) तात्पुरत्या नोंदणीच्या दिवसापासून मोजली जाते, त्यानंतर द्यावी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून नव्हे. न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेले कामही त्यात धरले जाते. तालुक्याच्या न्यायालयातील वकिलीही तितकीच ग्राह्य आहे, म्हणजे ती तीन वर्षे मुलगी सेलूत घरी राहूनही काढू शकते. दहा वर्षांहून अधिक अनुभवी वकिलाचे प्रमाणपत्र आणि त्यावर प्रधान न्यायाधीशांचे पृष्ठांकन (दुजोऱ्याची सही) लागते. नोंदणीसाठी पूर्वी राज्याराज्यांत हजारो रुपये घेतले जात. ३० जुलै २०२४ च्या निकालाने सर्वसाधारण उमेदवारासाठी ते शुल्क ७५० रुपयांवर आणले.

पुण्याविषयी प्रामाणिकपणे लिहितो. आयएलएसमध्ये वाद-स्पर्धा, अभिरूप (सरावाची) न्यायालये आणि इंटर्नशिपच्या संधी निश्चितच जास्त आहेत. कंपन्यांत किंवा मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये जायचे असते, तर मी तेच सुचवले असते. पण येथे वकिली करणाऱ्याला पक्षकार पदवी कुठली, हे विचारीत नाहीत. त्याला ज्येष्ठ कोण लाभले, यावर पुढची दहा वर्षे ठरतात, आणि ते ज्येष्ठ शिकत असतानाच गाठावे लागतात. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवड्यांची इंटर्नशिप बंधनकारक आहे. ती कागदोपत्री उरकू नये. काही आठवडे सेलूच्या न्यायालयात, काही परभणीच्या जिल्हा न्यायालयात आणि शेवटची दोन वर्षे खंडपीठात, अशी वाटणी केली तर मुलीला दाव्याचा सगळा प्रवास दिसेल.

इंग्रजीची अडचण खरी आहे. कनिष्ठ न्यायालयांत मराठी चालते, खंडपीठात सर्व कामकाज इंग्रजीत असते. पहिल्या वर्षापासून रोज एक निकालपत्र, समजो न समजो, वाचायला लावा. आणि पुस्तके जुनी विकत घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्यासोबतचे दोन कायदे लागू झाल्याने भारतीय दंड संहितेवरची स्वस्तात मिळणारी पुस्तके विद्यार्थ्याला गोंधळात टाकतात.

पसंतीक्रम भरण्यापूर्वी एकदा मुलीला घेऊन महाविद्यालयात जा. सूचना फलक पाहण्यापेक्षा दुपारी वर्ग भरतात का, ग्रंथालयात मुले बसलेली आहेत का, हे पाहा आणि तेथील मुलींशी बोला.

मूळ धागाकर्तीचा प्रतिसाद

वकीलसाहेब, आपण इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. नोंदणीच्या दिवसापासून तीन वर्षे मोजली जातात आणि ती सेलूतही काढता येतात, हे वाचून मुलीच्या वडिलांचा विरोध बराच मावळला आहे. आम्ही पसंतीक्रमात माणिकचंद पहाडे महाविद्यालय पहिले, आयएलएस दुसरे आणि नांदेडचे नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालय तिसरे ठेवण्याचे ठरवीत आहोत. क्लॅटसाठी वर्ष थांबण्याचा विचार मुलीने स्वतःच सोडला. येत्या आठवड्यात तिला घेऊन संभाजीनगरला जाऊन येते.

राहण्याचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. शासनाच्या एखाद्या योजनेतून वसतिगृह निर्वाह भत्ता आम्हाला मिळू शकेल असे दिसते, परंतु तो हाती येईपर्यंतची सोय आधी पाहावी लागेल. महाविद्यालयाच्या जवळपास मुलींसाठी विश्वासाचे वसतिगृह किंवा घरगुती खानावळीसह खोली कोणाच्या माहितीत असल्यास, आणि ज्यांच्या मुली तेथे राहून शिकल्या आहेत अशा पालकांनी महिन्याचा एकूण खर्च साधारण किती येतो हे कळवल्यास, फार मदत होईल.