लीस्टर-रटलंडमधले दुर्मीळ पक्षी: एप्रिल-मेमध्ये कुठे जावं?

उजनीकर
नमस्कार मंडळी. नोकरीमुळे यंदा इंग्लंडमधल्या लीस्टरला येऊन पडलोय. एप्रिलच्या मध्याला बाबा सहा आठवड्यांसाठी येतायत. निवृत्त शिक्षक, सगळा जन्म उजनीच्या काठावर, पक्ष्यांचं जबरदस्त वेड. काय बघायचंय विचारलं तर म्हणाले, "तिथले दुर्मीळ दाखव, चिमण्या-साळुंक्या इकडे आहेत."
ऑफिसातले म्हणतात की पक्षी बघायचे तर नॉरफोकचा किनारा गाठा. पण माझ्याकडे गाडी नाही आणि बाबांचा एक गुडघा कुरकुरतो. समुद्रापासून इतक्या आत काही मिळेल का? जवळ ८x४२ची दुर्बीण आहे, स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) नाही.

तळ्याकाठचा
मिळेल की! पहिलं नाव रटलंड वॉटर. सत्तरच्या दशकात दरी बुडवून केलेलं धरण, सुमारे ३,१०० एकर पाणी. उजनीच्या माणसाला हे तळंच वाटेल, पण इथल्या मानाने अफाट आहे. लीस्टरहून ओकमला थेट ट्रेन आहे, अर्ध्या तासाच्या आसपास. तिथून एगल्टनचं पक्षीकेंद्र दोन-अडीच किलोमीटर. गुडघ्याचा विचार करून जाताना टॅक्सी करा, चालणं आत गेल्यावर होतंच. तिकीट लागतं.
मुख्य आकर्षण ऑस्प्री, म्हणजे आपला कैकर. १९९६ ते २००१ या काळात स्कॉटलंडहून ६४ पिल्लं आणून इथे सोडली. २००१ साली पहिल्या जोडीने पिल्लू वाढवलं, मध्य इंग्लंडमध्ये दीडशे वर्षांनी. आता मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ते पश्चिम आफ्रिकेतून परततात आणि सप्टेंबरपर्यंत बहुतेक निघून जातात. तुमचे बाबा येतील तेव्हा अंड्यांवर बसलेले असतील. मँटन बेचं घरटं लिंडन केंद्राकडच्या लपणांतून (लपून पक्षी बघायच्या खोपटांतून) दिसतं, आणि तिथे स्वयंसेवक स्कोप लावून बसलेले असतात, तेव्हा तुमच्याकडे नसला तरी अडत नाही. त्या घरट्यावर बरीच वर्षं ठाण मांडलेल्या मादीचं नाव 'माया', हे बाबांना आधी सांगू नका.
लिंडन दक्षिण काठावर आहे, एगल्टन पश्चिमेला. दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

सुरय
ऑस्प्री सुंदरच, पण बाबांनी उजनीवर हिवाळ्यात कैकर पाहिलेला असणारच (तो या रटलंडचा नव्हे, पूर्वेकडून येणारा). त्यांना 'दुर्मीळ' पाहिजे, तर इथली गंमत आधी समजावून द्या. इथे दुर्मीळपणाचा हिशोब जिल्ह्यागणिक होतो. समुद्रकिनाऱ्यावर किट्टीवेक कुरव ढिगाने असतात. तोच रटलंडच्या धरणावर भिंतीजवळ दिसला की लोक ऑफिस टाकून धावतात.
आणि उलटही. आपल्याकडचा नेहमीचा शेकाट्या इथे आला तर स्कोप घेऊन गर्दी जमते. मोर शराटी, चमचा, गायबगळा, सगळे इथे बातमीचे पक्षी, जरी हल्ली प्रमाण वाढतंय. गायबगळ्याने ब्रिटनमध्ये पहिलं घरटं २००८ साली केलं, मोठ्या बगळ्याने २०१२ साली, दोन्ही सॉमरसेटमध्ये. मोठा बगळा आता रटलंडला सहज दिसतो. भोरडी, जिचे थवे ज्वारीवर पडतात, ती एखाद्याच्या परसात एकटी उतरली तर घरमालकाच्या दारात रांग लागते! सगळ्यात भारी म्हणजे आपली रोजची घार. लीस्टरवर जी घिरट्या घालते ती लाल घार. काळी घार पाहिली म्हणालात तर जिल्ह्याची पक्षीसंस्था तुमच्याकडे लेखी वर्णन मागेल. बाबांनी शेपटीची खाच नीट बघून, फोटो काढून मगच जाहीर करावं.
माझा सल्ला एवढाच: नावांची यादी करू नका, वाऱ्याकडे बघा. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत पूर्वेकडून वारा आणि वर ढग-पाऊस असला की त्याच सकाळी धरणावर जा. काळे सुरय आणि छोटे कुरव अशाच हवेत पाण्यावर उतरतात. ऊन पडलं की बहुतेक पुढे निघून जातात. दुपारी पोचलात तर 'सकाळी होते' एवढंच ऐकायला मिळेल. म्हणून ट्रेनचं तिकीट आठवडाभर आधी काढून ठेवू नका, आदल्या रात्री हवामान बघून ठरवा.

चार्नवूडी
सगळे धरण-धरण करतायत. टेकड्या विसरलात? एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लीस्टरजवळच्या चार्नवूडच्या उंच माळांवर रिंग ऊझल थांबतो. ब्लॅकबर्डसारखा काळा, छातीवर पांढरी चंद्रकोर. उत्तरेकडच्या डोंगरांवर जाताना दोन-चार दिवस विश्रांती, बस्स. बीकन हिलवर सकाळी लवकर, कुत्री फिरवणारे येण्याआधी. चढ आहे पण फार नाही.

तळ्याकाठचा
@चार्नवूडी, रिंग ऊझल मान्य, पण तो भिडस्त. दगडामागे गेला की तासभर तोंड दाखवत नाही. पाहुण्यासाठी मी आधी धरणच सांगेन.

लीस्टरवहिनी
गुडघ्याच्या दिवशी कुठेच जाऊ नका, शहरातच राहा. कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर बहिरी ससाण्यांची जोडी असते. खाली बाकावर बसून मान वर केली की झालं. नंतर बेलग्रेव्ह रोडला जाऊन फाफडा खाता येतो. बाबांना पोहेच लागत असतील तर घरी या, खरंच सांगतेय.

उजनीकर
काय धागा झालाय! वहिनी, पोह्यांचं पक्कं. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "घारीचं वर्णन मागतात? देतो की, चार पानं." दोन शंका. हिवाळ्यात परत आणलं तर काय मिळेल? आणि घरट्यांचे फोटो गटावर टाकलेले चालतात का?

सुरय
हिवाळ्यात बदकं. रटलंड वॉटर गॅडवॉल आणि थापट्यांसाठी आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं मानतात, पाणथळ जागांना मिळणारा रामसर दर्जा आहे. धरणाच्या खोल भागात ग्रेट नॉर्दर्न डायव्हर हा बुड्या मारणारा मोठा पाणपक्षी असतो. आयब्रुक तलावावर पूर्वी स्म्यू हा छोटा बदक हमखास असायचा. आता युरोपातले हिवाळे सौम्य झाल्याने तो पलीकडेच थांबतो, तेव्हा दिसला तर नशीब. (याच आयब्रुकवर १९४३ साली डॅमबस्टर वैमानिकांनी (दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची धरणं फोडणाऱ्यांनी) सराव केला होता, शिक्षकांना आवडेल.) बिटर्नसाठी (बोरूत लपणारा बगळ्याच्या जातीचा पक्षी) शहराला लागून वॉटरमीड पार्क, बोरूचं बेट समोर ठेवून बसून राहायचं.
फोटोंबद्दल: मँटन बे जगजाहीर आहे, खुशाल टाका. बाकी ससाणे, घुबडं, बिटर्न यांच्या घरट्यांच्या जागा अजिबात नाही. १९८१च्या वन्यजीव कायद्याने यांतल्या अनेक पक्ष्यांना घरट्याजवळ त्रास देणं गुन्हा आहे, आणि अंडी चोरणारे अजून आहेत.

तळ्याकाठचा
आणि बाबांना सांगा, मेमध्येसुद्धा कानटोपी लागते. लपणाच्या खिडकीतून येणारा वारा उजनीच्या वाऱ्यासारखा नसतो.