जुनी फोर बाय फोर जीप डोंगरात न्यायच्या आधी: तुमची तयारी आणि तुमच्या फजित्या

धागाकर्ता, सातारा

मंडळी, सासऱ्यांच्या गोठ्याशेजारी सहा वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली १९९१ची महिंद्रा एमएम ५४० गेल्या दिवाळीत माझ्याकडे आली. "जावईबापू, न्या. पण विकायची नाही," एवढीच अट. प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, चार गिअर, पॉवर स्टिअरिंग नाही. पार्किंग करताना खांदे भरून येतात.

बेत साधा आहे. सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार, तिथून सडावाघापूर आणि खाली पाटण. एक मुक्काम. डांबर सोडायचं ते फक्त गावच्या गाडीवाटांवर, तेही विचारून. कासचा सडा (खडकाळ पठार) किंवा कोयना-चांदोलीचं जंगल यात नाही, आणि कुणी सुचवूही नका. सड्यावर एकदा चाक फिरलं की तिथली बोटभर माती पुन्हा साठायला किती वर्षं लागतील कुणास ठाऊक.

गाडी तयार केली म्हणजे तुम्ही नक्की काय केलंत, आणि दगा कशानं दिला, ते सांगा. विंच आणि लाईटबारचे फोटो नकोत.

सुरुवात माझ्यापासून. नवी बॅटरी, नवे हीटर प्लग, आणि गाडी तिसऱ्या सेल्फला चालू! मी हवेत. लगेच सज्जनगडाच्या चढाला घातली. निम्म्यात गुदमरून बंद. फिल्टर उघडला तर आत काळं काजळ. टाकीतला सहा वर्षांचा गंज आणि गाळ हलला होता. मग आत शिरलेली हवा काढायला फिल्टरवरचा एअरचा नट सैल करायचा, हँड प्रायमर दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. त्या क्षणी नट आवळायचा. तीन वेळा बंद पडेपर्यंत हे मला पाठ झालं होतं आणि शर्ट टाकून द्यावा लागला. शेवटी टाकी उतरवली, आत मूठभर बारीक खडी आणि थोडं डिझेल घालून दोघांनी दोन बाजूंनी धरून अर्धा तास हलवली. जे बाहेर आलं त्याला डिझेल म्हणणं कठीण. टाकीत सुरुवातीलाच हात घातला असता तर बाकी काही झालं नसतं.

एसटी वर्कशॉपमधून निवृत्त, सांगली

उभ्या गाडीत लोखंडाआधी रबर मरतं. होज, ऑइल सील, व्हील सिलिंडरचे वायसर. बाहेरून सगळं ठणठणीत दिसतं.

पुतण्याची जुनी जीप होती. इंजिनावर भरपूर खर्च केला, ब्रेकला "लागतोय की काका" म्हणाला. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना पेडल मऊ पडत पडत फळीला टेकलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. जुन्या ऑइलात पाणी मुरलेलं, उतारावर ब्रेक तापले की त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. नशीब, लो गिअर टाकायची बुद्धी झाली. इंजिन किंचाळत वाईपर्यंत आलं, पण आलं.

दुसरी गोष्ट. ब्रेकचा रबरी होज आतून सुजतो. पाय ठेवला की ऑइल जातं, पाय काढला की परत येत नाही. ते एक चाक धरूनच राहतं. ओळखायचं कसं? पाचेक किलोमीटर चालवा, ब्रेक न मारता हळू थांबा, आणि चारही ड्रमजवळ हाताची मागची बाजू न्या. एक वेगळा तापलेला निघाला तर ते चाक उघडा. याला मशीन लागत नाही.

पाणंदवाला, शिराळा

आमच्याकडं ऑफरोड म्हणजे काय वेगळं नसतंय. ऊस तुटला की पाणंदीत ट्रॅक्टरनं गुडघाभर चाकोऱ्या पाडलेल्या असत्यात, त्यातनं रोज जायचं. तरी माझी फजिती ऐका.

थोरल्या भावाची जीप, वडापाला, म्हंजे सीटवर भाडं घेऊन, चालायची आधी. फोर बाय फोरची दांडी, पुढच्या चाकांना बी जोर देणारी, कुणी हलवलीच न्हवती कित्येक वर्षं. पावसाळ्यात अडकलो, तर दांडी जागची हलंना. भाऊ म्हणला, "पाय लाव." पाय लावला आणि दांडीचा मुठा हातात आला. नंतर मिस्त्रीनं खालनं लिंकेज सोडवलं, गंज काढला, ग्रीस भरलं. तवा कुठं लोण्यागत पडाय लागली. म्हणून सांगतो, महिन्यातनं एकदा ओल्या शेतात दांडी टाकून पन्नास पावलं गाडी चालवा.

आता खरी गंमत. नवं नवं चालू झालं म्हणून मी गावातनं डांबरावरनं फोरमध्येच घरी आलो, चार वळणं घेऊन. दारात आल्यावर दांडी निघंना! स्टिअरिंग जड, गाडी ढकलली तरी पुढं सरकंना. मी म्हटलं गेला गिअरबॉक्स. वहिनी वरनं म्हणत्यात, "भावजी, वैलावर घाला आता." कुणी सांगंल का असं का झालं?

एसटी वर्कशॉपमधून निवृत्त, सांगली

शिराळकर, काही मोडलं नव्हतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात, म्हणजे त्यांना जास्त फिरायचं असतं. पण जुन्या जीपमध्ये दांडी टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, मध्ये हा फरक झेपवणारा डिफरन्शिअल नसतो. चिखलात चाक थोडं घसरून हिशेब फिटवतं. डांबरावर घसरत नाही, सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. पुन्हा झालं तर सरळ रेषेत सात-आठ फूट रिव्हर्स घ्या आणि घेता घेताच दांडी ओढा. पीळ सुटला की आपोआप येते.

पाणंदवाला, शिराळा

व्हय, रिव्हर्स घेतल्यावरच निघाली हुती. मला वाटलं नवसाला पावली.

वाईची लेक

मी जिप्सीवाली. अण्णांची १९९३ची, कार्ब्युरेटरची, पुढच्या चाकांना हातानं फिरवायचे हब. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आतली दांडी टाकून काम भागत नाही, खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांवरच्या चकत्या लॉकवर फिरवाव्या लागतात.

मे महिन्यात धोमचं पाणी मागं हटलेलं. वरून गाळ वाळून त्याचे पापडासारखे तुकडे झालेले, चालायला एकदम कडक. मला वाटलं गाडी आरामात जाईल. पन्नास फूट गेली आणि पापडी फुटली. खाली लोण्यासारखा काळा गाळ. मी फोर हाय, मग जास्त जोराचा फोर लो. मागची चाकं फिरतायत, गाळ उडतोय, पुढची ढिम्म. दोन चुलतभाऊ मागून ढकलतायत, तोंडापासून पायापर्यंत माखलेले. अण्णा काठावर छत्री धरून उभे. वीस मिनिटांनी शांतपणे विचारलं, "बाळ, हब फिरवलेस का?"

फिरवले नव्हते. आणि फिरवायला गेले तर एक फिरेना, आत माती जाऊन ग्रीसचा दगड झालेला. शेवटी धोमच्या एका मळ्यातून ट्रॅक्टर आला. आता निघायच्या आदल्या रात्री दोन्ही हब उघडून पुसते, पातळ ग्रीस लावते, आणि डांबर सोडायच्या आधीच लॉक करते. गाळात बसून फिरवायला जागाच नसते, चाक अर्धं आत गेलेलं असतं.

चुलतभाऊ अजून त्या दिवसाचं बिल मागतात.

पुसेसावळीकर

एकच सांगतो. बॉटल जॅक चिखलात स्वतःच खाली जातो, गाडी जागेवर. सागवानी फळीचा दीड बाय दीड फूट तुकडा कायम सीटखाली. बायको त्याला पोळपाट म्हणते.

माणदेशी, आटपाडी

पश्चिमेकडची मंडळी पाण्याचं आणि चिखलाचं बोलतायत. आमच्याकडं वेगळंच दुखणं, ऊन आणि काटे.

आधी ऊन. बोअरचं खारट पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलेलं. आतल्या नळ्या निम्म्या बुजलेल्या. डांबरावर ५० च्या स्पीडला वारा लागतो म्हणून तापमानाचा काटा गप्प असतो. लो गिअरमध्ये ताशी आठ-दहा किलोमीटरनं मुरमाच्या चढावर गेलं की वारा नाही, इंजिन मात्र ओरडतंय, आणि काटा लालमध्ये. रेडिएटर उतरवून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळ्या घालून सफाई, करून घेतलं, कूलंट भरलं, पंख्याचा पट्टा बदलला. आणि कुणी मिस्त्रीनं थर्मोस्टॅट काढून "आता तापणार नाही" असं सांगितलं असेल तर तो परत बसवा. माझ्या गाडीत तो काढलाय हे मला चार वर्षांनी कळलं. थंडीत इंजिन गरमच व्हायचं नाही, धूर सोडत राहायचं, आणि उन्हाळ्यात तापायचं ते तापायचंच.

आता काटे. वेडी बाभूळ. टायरवर नक्षी भरपूर होती म्हणून मी निश्चिंत. पण बाजूला जो चार आकडी कोड असतो, आठवडा आणि वर्षाचा, तो मी कधी वाचलाच नव्हता. टायर अकरा वर्षांचे. साईडला केसासारख्या चिरा. दगडांत धक्के कमी बसावेत म्हणून हवा ३० वरून १८ वर आणली, ते बरोबरच, पण फुगलेल्या त्या म्हाताऱ्या साईडला काटा असा शिरला जसा काकडीत. एका दिवसात तीन पंक्चर. स्टेपनी एक. ट्यूब काढून पॅच लावायला लिव्हर होते, सोल्यूशनची ट्यूब मात्र उघडल्यावर आत वाळून खडा झालेली. आणि नंतर हवा कशानं भरायची? सायकलच्या पंपानं, दोघांनी आळीपाळीनं, पाऊण तास. हवा कमी करणारे भेटतात, भरायचा कॉम्प्रेसर घेऊन फिरणारे कमी.

मिस्त्री, मिरज

सगळ्यांचं वाचलं. माझ्याकडं येणारं गिऱ्हाईक पहिलं काय म्हणतं सांगू? "मिस्त्री, लाईटा लावायच्यात." मी म्हणतो शेट, अर्थिंगची पट्टी बघा कशी हिरवी पडलीय. एकानं तिप्पट लाईट लावून घेतल्या, दुसरीकडनं, रिले नाही, फ्यूज नाही, थेट बॅटरीवरनं. रात्री हॉर्न दाबला की वायपर थांबायचा. शेवटी डॅशखाली वायर वितळली. नशीब वास लवकर आला.

माझा मुद्दा अॅक्सलमधल्या डिफरन्शिअलचा आहे, कारण तो कुणी उघडत नाही. ओढ्यातनं गाडी नेली की गरम हाउसिंग एकदम थंड पाण्यात जातं, आतली हवा आक्रसते. वर ब्रीदर असतो, बोटाएवढा, तो चिखलानं बुजलेला असला की हवा यायला वाट नाही. मग ऑइल सीलच्या कडेनं पाणीच आत ओढलं जातं. गिऱ्हाईक धुऊन पुसून गाडी लावतं, सहा महिन्यांनी बेअरिंग खडखडायला लागतं, तेव्हा आठवतो मी.

ओळख सोपी आहे. रात्रभर गाडी उभी ठेवायची, सकाळी न हलवता ड्रेन प्लग अर्धा फेरा सैल करायचा. पाणी जड, तळाला बसलेलं असतं, आधी तेच टपकतं. गाडी चालवून लगेच ऑइल काढलंत तर ताकासारखं पांढरं दिसेल. ९० नंबरचं ऑइल बदलायचं, आणि ब्रीदरला होज लावून वर बॉनेटपर्यंत न्यायचा. होज आणि दोन क्लिपा, चहा-वडापावाच्या खर्चात होतं.

आणि कमानपाटे नवे टाकले असतील तर ते अॅक्सलला धरणारे यू बोल्ट शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. पाटे बसतात, बोल्ट सैल पडतात, मग सगळा भार सेंटर बोल्टवर. तो तुटला की मागचा अॅक्सल तिरका. एका गिऱ्हाइकाची जीप माझ्याकडं खेकड्यागत आली होती, तोंड मिरजेकडं, चाल तासगावकडं.

कराडकर

ओढून काढायची तयारी कुणीच लिहिली नाही. माझा बंपर छान होता, जाड पाइपचा, काळा पावडर कोट, स्वतः वेल्डिंग करून घेतलेला. कोयनेच्या काठी मळीत रुतलो. ट्रॅक्टरवाल्या मामांनी विचारलं, "दोर कुठं बांधू?" मी ऐटीत बंपर दाखवला. त्यांनी क्लच सोडला. बंपर ट्रॅक्टरबरोबर गेला, जीप तिथंच.

माझ्या वेल्डिंगवाल्यानं तो पत्र्याच्या ब्रॅकेटला जोडला होता. आता चासीला आरपार बोल्ट केलेले हुक आहेत, पुढं दोन, मागं एक. आणि नायलॉनचा दोर ताणला की मधोमध ओलं गोणपाट टाकायचं, तुटला तर तो सापासारखा मागं येतो. त्या वेळी पोरांना लांब, दोराच्या दोन लांबीएवढं लांब उभं करा. मामांनी बंपर परत दिला. वर म्हणाले, "गोठ्याला फाटक छान होईल."

धागाकर्ता, सातारा

सगळ्यांचे आभार, विशेषतः चुलतभावांचे.

कागदाचं एक राहिलं होतं. गाडी १५ वर्षांपुढची, म्हणजे दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. ते या आठवड्यात झालं. डिफरन्शिअलचा प्लग सैल केला, पाणी नाही, ऑइल मात्र डांबरासारखं काळं. बदललं. दांडी पडते, निघते. टायरचा कोड वाचला आणि मुकाट्यानं पाच नवे सांगितले.

काल सांगलीकर काकांनी सांगितलेली परीक्षा घेतली. पाच किलोमीटर चालवलं, हळू थांबलो, उलटा हात धरत चारही चाकांना प्रदक्षिणा घातली. तीन कोमट. मागचं उजवं असं तापलेलं की हात मागं घ्यावा लागला. सहलीची तारीख पुढं ढकलली.

संध्याकाळी सासऱ्यांना फोन केला. म्हटलं, "मामा, मागचं उजवं चाक धरतंय."

पलीकडून थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "ते होय? ते तेव्हाही तापायचं. म्हणूनच तर ताडपत्री घातली होती."