सोसायटी ग्रुप : "भरलंय" म्हणजे नक्की काय झालंय?

शनिवार, १३ सप्टेंबर २०२५

ए-१०१ (सेक्रेटरी) : उद्या सकाळी ९ ते १२ वरच्या टाकीची सफाई. पाणी भरून ठेवा. नंतर ग्रुपवर ओरडू नका.

ए-३०३ काका : नमस्कार मंडळी. विषय वेगळा आहे, क्षमस्व. मी इन्कम टॅक्सचं रिटर्न १८ जुलैला स्वतः भरलं. जावयाने ऑगस्टमध्ये भरलं, त्याचा रिफंड पाच दिवसांत खात्यात. माझे १८,४०० अजून नाहीत. पेन्शनरांचे पैसे मुद्दाम अडवून ठेवतात काय?

बी-५०४ : काका, जावयाचा मान मोठा असतो.

सी-२०२ ताई (टॅक्स सल्लागार) : काका, आयकर खात्याच्या पोर्टलवर लॉगिन करून भरलेल्या रिटर्नची यादी उघडा. या वर्षाच्या रिटर्नसमोर काय लिहिलंय ते सांगा.

ए-३०३ काका : पेंडिंग फॉर ई-व्हेरिफिकेशन. लाल रंगात.

सी-२०२ ताई : अडवलं कोणी नाही. तुम्ही अर्ज लिहिला, पाकिटात घातला आणि पेटीत टाकायचा राहिला, तसं झालंय. व्हेरिफाय केल्याशिवाय, म्हणजे 'हे रिटर्न माझंच' असं पक्कं केल्याशिवाय, आयकर खात्याच्या लेखी रिटर्न आलेलंच नाही.

ए-३०३ काका : पण पावती आली होती हो!

सी-२०२ ताई : ती अपलोडची. त्यानंतर ३० दिवसांत व्हेरिफाय करायचं असतं. पूर्वी १२० दिवस होते, ऑगस्ट २०२२ पासून ३० केले. आता तुमचे दिवस गेलेत, म्हणजे ज्या दिवशी व्हेरिफाय कराल तीच रिटर्नची तारीख धरणार, १८ जुलै नाही. नशीब की यंदा मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर केली. आज-उद्या उरकलंत तर वेळेत. मुदत उलटली की तुमच्या उत्पन्नाला ५,००० लेट फी.

ए-३०३ काका : आधारचा मोबाइल नंबर मुलाचा आहे. तो मीटिंगमध्ये. ओटीपी आला तरी सांगणार कोण?

बी-१०२ काकू : भावोजी, त्याचा नंबर द्या, मी मीटिंगमधून उठवते.

सी-२०२ ताई : ओटीपीच लागतो असं नाही. तुमच्या बँकेच्या नेट बँकिंगमध्ये जा, तिथून थेट टॅक्सच्या पोर्टलवर जायची सोय असते. तिथून व्हेरिफाय होतं.

ए-३०३ काका : (४० मिनिटांनी) झालं. हिरवं झालं! ताई, चहाला या.

सी-२०२ ताई : १६ तारखेनंतर, काका. तोवर मला घरचेही ओळखत नाहीत.

बी-१०२ काकू : मला आत्ताच मेसेज आलाय, 'तुमचा रिफंड मंजूर, खाते क्रमांक तपासण्यासाठी खालील लिंक'. दाबू का?

सी-२०२ ताई : नको!! काकू, तुम्ही रिटर्न भरलंच नाही, मग रिफंड कसला? आयकर खातं लिंकवर खाते क्रमांक, पिन, ओटीपी काहीही मागत नाही. रिफंड फक्त पोर्टलवर आधी पडताळून ठेवलेल्या खात्यात येतो. डिलीट करा.

बी-१०२ काकू : केला. दोन मिनिटं श्रीमंत झाले होते.

रविवार, १४ सप्टेंबर

ए-४०१ : (अनेकदा फॉरवर्ड केलेला मेसेज) "मोठी बातमी! रिटर्नची मुदत ३० सप्टेंबरपर्यंत वाढली. सर्वांना कळवा."

बी-५०४ : वा! मी निघालो झोपायला.

सी-२०२ ताई : खोटं आहे. आयकर खात्याने स्वतः सांगितलंय की हे पत्रक बनावट आहे, मुदत १५ सप्टेंबरच. ए-४०१, कृपया काढून टाका. माझ्या तीन क्लायंटनी हे वाचून कागद द्यायचे थांबवलेत.

ए-४०१ : मला चांगल्या माणसाकडून आलं होतं.

सी-२०२ ताई : चांगल्या माणसांकडूनच येतं.

ए-७०२ : मला टेन्शन नाही. माझ्या टॅक्सवाल्याने १० ऑगस्टलाच 'भरलंय' म्हणून कळवलं. फीही घेतली.

सी-२०२ ताई : पावती पाठवली का? १५ आकडी पावती क्रमांक असतो त्यावर.

ए-७०२ : नाही. मेसेज केला होता. 'सर भरलंय' एवढाच. अंगठा दाखवून.

सी-२०२ ताई : एकदा स्वतः लॉगिन करून बघा.

ए-७०२ : पासवर्ड त्याच्याकडे असतो.

सी-२०२ ताई : मग 'पासवर्ड विसरलो' करून आधारच्या ओटीपीने नवा करा. तुमच्या पॅनचं खातं आहे ते, तुमचंच.

ए-७०२ : (तासाभराने) आत गेलो. या वर्षासमोर काहीच नाही. नुसता ड्राफ्ट सेव्ह केलेला दिसतोय. फोन केला तर म्हणतो, 'सर, गर्दीत राहून गेलं असेल, बघतो.'

बी-५०४ : राहून गेलं 'असेल'??

ए-७०२ : अजून एक. प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि मेल आयडी त्याचाच आहे. माझा कुठेच नाही.

सी-२०२ ताई : हेच मला सगळ्यांना सांगायचं होतं. दोन मिनिटं माझं ऐका, मग सेक्रेटरी मला ग्रुपबाहेर काढू शकतात. खातं जे काही पाठवतं ते प्रोफाइलमधल्या मेलवर आणि मोबाइलवर. रिटर्न तपासून झाल्याची सूचना, जुन्या थकबाकीत तुमचा रिफंड वळता करणार आहोत ही सूचना, रिटर्नमध्ये दोष आहे ही नोटीस, सगळं. तिथे तुमच्या टॅक्सवाल्याचा मेल असेल, तर सरकार तुमच्याशी बोलतंय हे तुम्हाला कळणारच नाही. त्याला वेळ मिळेल तेव्हा, आठवलं तर, तो सांगेल. मी दुसऱ्याच्या कामावर बोलत नाही, सुरुवातीला मीही हेच करायचे. क्लायंटला कटकट नको म्हणून सगळीकडे माझा मेल. मग एका गृहस्थांची सदोष रिटर्नची नोटीस माझ्या मेलच्या ढिगाऱ्यात राहिली. उत्तराला १५ दिवस असतात. ते उलटले, रिटर्न बाद झालं, त्यांना पुन्हा भरावं लागलं. लेट फी मी माझ्या खिशातून दिली. ते काही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. तेव्हापासून मुख्य मेल आणि मोबाइल क्लायंटचा, माझा फार तर दुसऱ्या रकान्यात.

बी-१०२ काकू : मग तुम्ही क्लायंटला काय काय कळवता?

सी-२०२ ताई : प्रत्येकाला तीन मेसेज. अपलोड झालं, ही पावती. व्हेरिफाय झालं. तपासून सूचना आली, आमचा आकडा आणि खात्याचा आकडा जुळला किंवा नाही जुळला. टॅक्स भरायचा असेल तर चौथा, चलानचा. लोक पहिल्या मेसेजलाच 'थँक्यू' म्हणून मोकळे होतात, तिसरा उघडतही नाहीत.

सी-६०१ : त्या तिसऱ्याला पासवर्ड लागतो ना? मला कधी उघडलाच नाही.

सी-२०२ ताई : पॅन स्मॉल अक्षरांत, लगेच पुढे जन्मतारीख आठ आकड्यांत. मध्ये जागा नाही.

ए-४०१ : आमच्या ऑफिसात एक जण सगळ्यांना रिफंड काढून देतो. टॅक्स कापलेला असो नसो. रिफंडाचे १० टक्के घेतो फक्त. त्याला कधी पावती मागावी लागली नाही.

सी-२०२ ताई : रिफंडात टक्का मागणाऱ्यापासून लांब राहा. न दिलेलं घरभाडं, न दिलेली राजकीय पक्षाची देणगी दाखवूनच असा रिफंड निघतो. जुलैमध्ये खात्याने अशी रिटर्नं भरून देणाऱ्यांवर देशभर १५० ठिकाणी तपासणी केली. आणि सही कोणाची? तुमची. नोटीस तुम्हाला येते, तो नंबर बदलतो.

ए-४०१ : मी नाही केलं हो. ऑफिसात म्हटलं.

ए-१०१ (सेक्रेटरी) : टाकी झाली. विषय चांगला आहे, चालू द्या. पण पार्किंगचं कोणी बोलायचं नाही आज.

सोमवार, १५ सप्टेंबर

बी-५०४ : ताई, आज ॲडव्हान्स टॅक्सची पण तारीख आहे ना? मी जुलैमध्ये शेअर विकलेत. पगारातून कंपनी टॅक्स (टीडीएस) कापतेच, मग वेगळं कशाला?

सी-२०२ ताई : नफ्यावरचा टॅक्स कंपनी कापत नाही, तिला माहीतच नसतो. टीडीएस वजा जाता वर्षाचा टॅक्स १०,००० किंवा जास्त निघत असेल तर ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी टॅक्स, भरावा लागतो. १५ जूनला १५ टक्के, आज एकूण ४५, डिसेंबरच्या १५ ला ७५, मार्चच्या १५ ला पूर्ण. तुमचा नफा जुलैमधला, म्हणून जूनच्या हप्त्याचं व्याज लागणार नाही, पण आजच्या हप्त्यात तो धरा.

ए-३०३ काका : मला पण?

सी-२०२ ताई : नाही काका. साठीच्या पुढे आणि धंद्याचं उत्पन्न नसेल तर ॲडव्हान्स टॅक्स नाही. जो काय निघेल तो रिटर्नच्या वेळी.

ए-३०३ काका : म्हातारपणाचा पहिला फायदा.

सी-६०१ : माझं काय? इंटिरियरची कामं. तुम्हीच गेल्या वर्षी जमा रकमेच्या ५० टक्के नफा धरून भरलं होतं.

सी-२०२ ताई : त्या योजनेत राहणार असाल तर चार हप्ते नाहीत. एकदाच, १५ मार्चपर्यंत पूर्ण. आज शांत बसा.

बी-५०४ : भरला. आठ हजार. स्क्रीनशॉट टाकतो.

सी-२०२ ताई : स्क्रीनशॉट ग्रुपवरून काढा आधी, पॅन दिसतोय. आणि वर्ष चुकलंय. तुम्ही करनिर्धारण वर्ष (कमाईच्या पुढचं, हिशेबाचं वर्ष) २०२५-२६ निवडलंत. चालू वर्षाच्या ॲडव्हान्स टॅक्सला २०२६-२७ लागतं. हा पैसा गेल्या वर्षाच्या खाती जमा झाला, आजच्या हप्त्यात तो दिसणारच नाही.

बी-५०४ : आता आठ हजार बुडाले?

सी-२०२ ताई : बुडत नाहीत. पोर्टलवरच चलान दुरुस्ती आहे. वर्ष बदलायचं असेल तर सात दिवसांत करा. प्रकार बरोबर निवडलाय ना? ॲडव्हान्सला कोड १००, रिटर्नच्या वेळच्या उरलेल्या टॅक्सला ३००. लोक हे दोन सतत उलटे करतात.

बी-५०४ : १००च आहे. दुरुस्ती टाकतो.

ए-७०२ : माझा माणूस म्हणतो, 'टॅक्सचे १२,००० माझ्या खात्यावर टाका, मी चलान भरतो.'

सी-२०२ ताई : कोणालाही टाकू नका, मलासुद्धा. चलान तुमच्याच नेट बँकिंगवरून किंवा यूपीआयने निघतं. भरलं की त्यावर बँकेचा बीएसआर कोड, तारीख, चलान क्रमांक येतो. ते तीन आकडे ज्याच्याकडे नाहीत त्याने टॅक्स भरला म्हणू नये.

ए-७०२ : पोर्टल फिरतंय नुसतं गोल गोल. चलान झालं, रिटर्न सबमिट होत नाही.

सी-२०२ ताई : सगळीकडे तेच. दुपारपासून मीही चक्र बघतेय. रात्री उशिरा प्रयत्न करा, पण झोपू नका.

(रात्री ११:५५)

सी-२०२ ताई : मुदत एक दिवस वाढली. १६ सप्टेंबर. या वेळी खरी, खात्याचं अधिकृत निवेदन आहे. आणि आता रात्री १२ ते अडीच पोर्टल दुरुस्तीसाठी बंद.

बी-५०४ : म्हणजे ॲडव्हान्स टॅक्सही उद्या चालेल? बायकोचा राहिलाय.

सी-२०२ ताई : नाही! वाढ फक्त रिटर्नला. ॲडव्हान्सला अजून पाच मिनिटं आहेत. एक दिवस चुकला तरी कमी पडलेल्या रकमेवर तीन महिन्यांचं व्याज, महिन्याला १ टक्का.

(रात्री ११:५९)

बी-५०४ : भरला. २०२६-२७. १००. हात थरथरतायत.

ए-३०३ काका : मी जागा आहे. मजा येतेय.

मंगळवार, १६ सप्टेंबर

ए-७०२ : सकाळी साडेसहाला झालं. अपलोड, व्हेरिफाय, दोन्ही. स्वतः बसलो. मेल आणि मोबाइल माझा टाकला. पावती डाउनलोड केली. त्या माणसाला पाठवली.

बी-१०२ काकू : काय म्हणाला?

ए-७०२ : अंगठा.

सी-२०२ ताई : बँक खातं पडताळलंत का? पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव एकच हवं, नाहीतर रिफंड फिरून परत जातो. आणि पॅन आधारला जोडलेलं नसेल तर निघतच नाही.

ए-७०२ : मला भरायचाच निघाला ताई, रिफंड कुठला.

ए-४०१ : आज चुकलं तर?

सी-२०२ ताई : ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं भरता येतं. ५,००० लेट फी, उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर १,०००. टॅक्स बाकी असेल तर व्याज वेगळं. आणि ज्यांना जुनी करप्रणाली हवी होती त्यांना ती उशिराच्या रिटर्नमध्ये मिळत नाही. का विचारताय?

ए-४०१ : सहज.

सी-२०२ ताई : वर या. कागद घेऊन. आत्ता.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

ए-३०३ काका : मंडळी, रिफंड आला! पण गडबड आहे. १८,४०० ऐवजी १८,९५२ आलेत. ५५२ जास्त. परत करावे लागतील का? कोणाला फोन करू?

सी-२०२ ताई : तुमचेच आहेत काका. वेळेत रिटर्न भरलं की एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का व्याज देतात. एप्रिल ते सप्टेंबर सहा महिने, तीन टक्के. रिफंड एकूण टॅक्सच्या १० टक्क्यांहून कमी असता तर तेही नसतं मिळालं.

ए-३०३ काका : म्हणजे उशीर झाला ते बरंच झालं की!

सी-२०२ ताई : व्याज टॅक्सेबल आहे. पुढच्या जुलैत ५५२ दाखवायचे. मी लिहून ठेवलंय.

ए-३०३ काका : दिलं आणि त्यातूनही घेणार?

बी-१०२ काकू : भावोजी, चहा राहिलाय ना ताईंचा? ५५२ मध्ये भजीही बसतील.

ए-१०१ (सेक्रेटरी) : पार्किंगचा विषय आता घेऊ शकतो का?