‘टाकोत्सुबो’ला धसका म्हणावे का?

विचारणा (अमळनेर) : वादळात केळीची बाग आडवी झाल्याचे कळताच आमच्या मावशींच्या छातीत कळ आली. जळगावला अँजिओग्राफी केली तेव्हा रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या आणि कागदावर ‘टाकोत्सुबो’ असे निदान लिहून मिळाले. गावात मात्र सगळे ‘मावशीनी हाय खादी’ असेच म्हणतात. तेव्हा ‘हाय’ हाच याचा मराठी शब्द समजावा काय?

उत्तर (जळगाव) : ‘हाय’ जवळचा असला तरी नेमका नाही. हाय खाल्लेला माणूस दिवसेंदिवस खंगत जातो. या विकारात मात्र हृदयाचा स्नायू एकाएकी दुबळा होतो आणि बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत पूर्ववत होतो. हा अचानकपणा ‘धसका’ या शब्दात आहे, आणि तो ऐकताना जमीन धसल्याचीही आठवण होते. मूळ जपानी शब्दाचा अर्थ ऑक्टोपस पकडण्याचे मडके असा आहे. १९९० साली जपानी डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन केले, त्यात हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याचे टोक फुगलेले आणि वरचा भाग जोराने आकुंचन पावणारा, म्हणजे अरुंद गळ्याच्या आणि गोल बुडाच्या मडक्यासारखा आकार दिसला. आपल्या घरातल्या चंबूचा आकारही हाच असल्याने ‘चंबूहृदय’ असा शब्द मला सुचतो.

पुरवणी (धुळे) : ‘चंबूहृदय’ सुबक आहे, पण अपुरे आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या १७५० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदीत सुमारे ८२ टक्क्यांचेच टोक फुगलेले होते. उरलेल्यांत कोणाचा मधला पट्टा फुगतो, क्वचित टोक नीट आकुंचन पावते आणि वरचा भागच फुगतो, तर एखाद्याचा लहानसा तुकडाच निकामी होतो; उलट्या प्रकारात चंबू पालथा पडला, असे फार तर म्हणता येईल! ‘धसका’ही सर्वांना लागू पडत नाही, कारण त्याच नोंदीत चौघांपैकी एकाहून अधिक रुग्णांत कोणतेच कारण सापडले नाही, शस्त्रक्रियेसारखा शारीरिक ताणही पुरतो आणि क्वचित अतिआनंदही. शिवाय ‘धसका’ ऐकून दुखणे किरकोळ वाटते, पण पहिल्या काही दिवसांत ते जिवावर बेतू शकते. म्हणून बोलण्यात ‘धसका’ चालवावा. कागदावर मात्र ‘टाकोत्सुबो’च राहू द्यावे आणि पुढे प्रकार लिहावा. मावशींचे टोक फुगले होते की मधला भाग, हे इकोच्या अहवालात पाहून कळवावे.