ब्राउझरमधला सिंथेसायझर: आवाज घडवायला पुरतो, पण वाजवायला?

रातकिडा:
सहा महिने झाले, रोज रात्री तासभर ब्राउझरमधल्या सिंथेसायझरवर बसतोय. इन्स्टॉल काही केलेलं नाही, वेगळं साउंड कार्ड नाही. लॅपटॉप, वायरचा हेडफोन आणि एक टॅब. आता माझं ठाम मत झालंय की ज्याला आवाज घडवायला शिकायचंय त्याने सुरुवात इथूनच करावी, मोठ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला आधी जाऊच नये.

त्याआधीची दोन वर्षं मी एका भल्यामोठ्या सॉफ्टवेअरमधले प्रीसेट, म्हणजे आयते तयार आवाज, चाळण्यात घालवली. आवडला की वापरला, नाही आवडला की पुढचा. हाती काही लागलं नाही. ब्राउझरमध्ये समोर आले ते दोन ऑसिलेटर (मूळ लाट बनवणारे), एक फिल्टर (लाटेतला काही भाग कापणारा), एक एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा). आवाज बोथट लागला तर कारण शोधायच्या जागाच मोजक्या, म्हणून शोधलं.

एका रात्री ११० हर्ट्झची सॉटूथ, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी लाट, धरून ठेवली. तिच्यात ११०, २२०, ३३०, ४४० असे सगळे हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले स्वर, असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्या उंचीचा, तिसरा एक तृतीयांश, असे उतरत जाणारे. कटऑफ म्हणजे फिल्टर जिथून कापतो ती जागा, आणि रेझोनन्स त्या जागेजवळचा आवाज उठवतो. रेझोनन्स चढवला आणि कटऑफ अगदी सावकाश वर सरकवत नेला. फिल्टर ज्या हार्मोनिकवर पोचतो तो एकटाच शिट्टीसारखा बाहेर येतो, मग विरतो, मग पुढचा. आठपर्यंत मी ते बोटांवर मोजले. वाचलेलं सगळं होतं, आकृत्याही पाहिल्या होत्या. कानाला पटलं ते त्या रात्री.

पटत नसेल त्यांनी का ते जरूर लिहा.

दोन_हात:
मला नाही पटत. हार्मोनिक मोजण्याची गंमत मला कळते, पण तुम्ही जे करताय तो प्रयोग झाला, वादन नाही. आणि या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात असं मला वाटतच नाही. मी बरीच वर्षं कीबोर्ड वाजवते. आवाज घडतो तो बोटाखाली. लॅपटॉपच्या की हळू दाबा नाहीतर आपटा, आवाज तेवढाच. शिवाय बऱ्याच साध्या कीबोर्डवर ठरावीक तीन की एकत्र दाबल्या की तिसरी नोंदलीच जात नाही, म्हणजे कॉर्डही धड लागत नाही. अशा ठिकाणी सहा महिने घालवलेला माणूस निर्जीव आवाज करायला शिकतो, कारण जोर नावाची गोष्ट त्याच्या हिशोबातच नसते.

रातकिडा:
मिडी कीबोर्ड जोडा ना, कुठली की किती जोरात दाबली ते तो संगणकाला कळवतो. ब्राउझरला ते समजण्याची सोय म्हणजे वेब मिडी. क्रोममध्ये ती २०१५ पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०२२ च्या अखेरीस आली. फक्त सफारीत चालत नाही. एकदा परवानगी दिली की जोराच्या १२७ पायऱ्या थेट पॅचपर्यंत, म्हणजे तुम्ही घडवलेल्या आवाजापर्यंत, पोचतात. आणि लेटन्सीचा, म्हणजे की दाबल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराचा, मुद्दा कुणी काढायच्या आधीच सांगतो: ब्राउझर एका वेळी १२८ सॅम्पलचा तुकडा तयार करतो. सेकंदाला ४८,००० सॅम्पल धरले तर ते तीन मिलिसेकंदांहूनही कमी झाले.

दोन_हात:
तो फक्त एक तुकडा बनवायचा वेळ झाला. पुढे ऑपरेटिंग सिस्टीमचा बफर आहे, ड्रायव्हर आहे. त्यावर कुणी ब्लूटूथ हेडफोन लावला की शंभराच्या वर मिलिसेकंद सहज गेले. संथ पॅड, म्हणजे लांब रेंगाळणारा आवाज, वाजवताना काही जाणवणार नाही. पण तुटक, जलद काही वाजवून बघा. बोट पुढे आणि आवाज मागे. मग हात नकळत आधी पडायला लागतो, आणि ती सवय खऱ्या वाद्यावर आल्यावर मोडता मोडत नाही. हे मी स्वतःच्या हाताचं सांगतेय.

तारजोडणी:
लेटन्सीबाबत दोन_हात यांचं बरोबर आहे. पण ब्राउझरचा आवाज खेळण्यातला असतो असं जे सर्रास बोललं जातं, त्याबद्दल मला बोलायचंय, कारण मी असे छोटे सिंथ स्वतः लिहितो.

२३ मे २०१२ ला, सिंथेसायझर बनवणारे बॉब मूग यांच्या ७८ व्या जन्मदिनी, गूगलच्या मुखपृष्ठावर वाजवता येणारा छोटा मूग सिंथ होता. तेव्हा ही गोष्ट नवलाईची होती. त्यानंतर वेब ऑडिओ, म्हणजे ब्राउझरमध्ये आवाज बनवायची सोय, २०२१ मध्ये अधिकृत मानक झालं. त्यातला तयार ऑसिलेटर वरच्या स्वरांतही चिरका होत नाही, तशी काळजी घेतलेली असते. उणिवा दुसरीकडे आहेत. तयार फिल्टर ऑक्टेव्हमागे (सप्तकामागे) १२ डेसिबलने कापतो, मूग यांच्या मिनीमूग सिंथचा २४ ने. दोन फिल्टर एकापुढे एक लावून २४ मिळतात, पण रेझोनन्सचं वागणं तसंच होत नाही. पल्स लाटेची रुंदी बदलायची सोय तयार ऑसिलेटरमध्ये नाहीच. हे सगळं ऑडिओवर्कलेटमध्ये, म्हणजे वेब ऑडिओत स्वतःचा कोड चालवायच्या जागी, स्वतः लिहिता येतं आणि चांगले सिंथ तसेच लिहिलेले असतात. पहिल्याच स्वराला आवाज आला नाही तर घाबरू नका, वापरकर्त्याने पानावर कुठेतरी क्लिक केल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरूच करत नाही.

कोरी_वही:
माझी हरकत वेगळीच आहे. मी ज्या सिंथवर वर्षभर काम केलं ते पान एके दिवशी उघडलंच नाही. चाळीसेक पॅच होते, सगळे गेले. त्यातला एक घोगरा बास मला अजून जमलेला नाही. इन्स्टॉल केलेलं सॉफ्टवेअर जुनं होतं, पण रातोरात नाहीसं होत नाही.

रातकिडा:
वाचून फार वाईट वाटलं. मी प्रत्येक पॅच वहीत लिहितो. लाट, कटऑफ, एन्व्हलपचे चार आकडे. सात-आठ ओळींत मावतो आणि दुसऱ्या कुठल्याही सिंथवर बराचसा पुन्हा उभा राहतो. तो बास आठवेल तसा शब्दांत लिहा, आपण मिळून शोधू.

दोन_हात, तुमच्यासाठी एक पॅच देतो. एफएम, म्हणजे एका लाटेने दुसरीची कंपनसंख्या हलवायची पद्धत, असलेला कुठलाही ब्राउझर सिंथ घ्या. मुख्य ऑसिलेटर २२० हर्ट्झ, त्याला हलवणारा मॉड्युलेटर त्याच्या १.४ पट, म्हणजे ३०८. दोन्ही साइन. अटॅक (चढायचा वेळ) शून्याजवळ, सस्टेन (की धरल्यावर टिकणारी पातळी) शून्य, डिके (उतरायचा वेळ) पाच सेकंद. मॉड्युलेशनही त्याच्याबरोबर उतरू द्या. त्यातून ८८, ३९६, ५२८, ८३६ असे स्वर निघतात. ते २२० च्या पटीत बसत नाहीत, म्हणून कानाला घंटा ऐकू येते. संगीतकार जॉन चाउनिंग यांनी स्टॅनफर्डमध्ये शोधलेली हीच पद्धत पुढे १९८३ च्या यामाहा डीएक्स७ सिंथमध्ये आली. आता मॉड्युलेशनची मात्रा मिडीच्या जोराला बांधा आणि वाजवा.

दोन_हात:
काल रात्री वाजवला, मिडी कीबोर्ड आणि वायरचा हेडफोन लावून. हळू स्पर्शाला नुसता गोल, मऊ स्वर. जोर वाढवला तशी घंटा उघडत गेली आणि शेवटी काठावरची किणकिण आली. बोटाखाली आवाज घडतो म्हणतात तो हाच. एवढं ब्राउझरमध्ये होईल असं मला वाटलं नव्हतं, हे कबूल करते.

जलद वाजवायला गेले तर आवाज मागे पडलाच, त्यामुळे वादनाबद्दलचं माझं मत आहे तिथेच आहे. पण हा पॅच मी माझ्या वाद्यावर उतरवून घेतेय. त्यासाठी डिके पाचाचा तीन सेकंद केला तर मॉड्युलेशनचा डिकेही त्याच प्रमाणात कमी करायचा, की त्याहून जास्त?

रातकिडा:
त्याहून जास्त. दीड सेकंदापासून सुरू करा, किणकिण आधी विझली पाहिजे.